लेकरू कोणाजवळ होते?

श्रीसंत गोरोबाकाकांचे आख्यान सांगता सांगता आमचे केस पांढरे झाले. चैत्र वद्य त्रयोदशी आली, की इतवारी असो, महाल असो, कामठी-उमरेड असो, कोठे ना कोठे हे आख्यान आमच्याकडे ठेवलेलेच. तेरचे कुंभारवाडे, चिखलाचा आळा, पायाखाली माती, मुखी नाम. संतीबाई पाण्याला निघतात आणि म्हणतात, ‘लेकराकडे पाहा.’ काका नामात इतके रंगलेले, की रांगत आलेले मूल पायाखाली येते, तरी देहावर भान नाही. माता घागर घेऊन परत येते, आणि पुढे तिचा जो आकांत होतो, तेथे श्रोत्यांचे डोळे कोरडे राहत नाहीत. तेथे आवाज कसा लावावा, मृदंग केव्हा थांबवावा, हे आम्हांस पाठ आहे.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका सप्ताहात आख्यान संपले. दर्शनाची रांग सरली. मागून एक बाई आली. अंगात इस्पितळातल्या परिचारिकेचा पोशाख, खांद्यावर झोपलेले पोर. नमस्कार करून म्हणाली, “महाराज, एक विचारू का जी? माय तं पाण्याले गेली होती. मग लेकरू कोनाजवळ होतं?”

आम्ही म्हटले, “बापाजवळ.”

ती म्हणाली, “मंग तुम्ही सारं रडनं मायचंच काहून सांगता? तिनं तं सांगून ठेवलं होतं.” एवढे बोलून ती रात्रपाळीला निघून गेली. पोराला वाटेत आईकडे ठेवायचे होते.

चाळीस वर्षे शास्त्र घोकले, वाद केले, सभा जिंकल्या. पण त्या रात्री उत्तर सुचले नाही. आजही जे सुचले आहे ते उत्तर म्हणण्यापेक्षा कबुली आहे. ती वाचकांपुढे ठेवतो.

प्रश्न असा : आई आणि बाप दोघेही पोटासाठी घराबाहेर पडले, तर घर आणि लेकरू हा कोणाचा धर्म?

शास्त्राच्या रीतीने आधी पूर्वपक्ष मांडू. पूर्वपक्षी म्हणतो, बाहेर पुरुषाचे, घर स्त्रीचे. ही वाटणी अनादि आहे. बायका नोकरीला लागल्या आणि ती मोडली. म्हणून मुले बिघडतात, म्हातारे उघडे पडतात. स्त्रीने कमवावे, हरकत नाही. पण घर सांभाळून.

हा पक्ष आम्ही स्वतः व्यासपीठावरून अनेकदा मांडला आहे, तेव्हा त्याचे बळ आम्हांस ठाऊक आहे. परंतु तो पहिल्याच पायरीवर घसरतो. आईने बाहेर राबणे ही नवी गोष्ट नव्हेच. आपल्या विदर्भातच पाहा. निंदण कोणी केले? कापूस कोणी वेचला? झाडाला झोळी बांधून, तीत लेकरू निजवून, वेचणीच्या तासाला लागलेली बाई ज्याने पाहिली नाही तो वऱ्हाड-नागपूरचा नव्हे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली; २००२ साली ती बंद पडली. मधल्या सव्वाशे वर्षांत गिरणीच्या भोंग्यावर पुरुष जसे धावले तशा बायकाही धावल्या. विड्या वळणाऱ्या बायांची तर गणतीच नाही. जाईबाई चौधरी यांनी लहान वयात नागपूर-कामठी भागात डोक्यावरून लोकांची ओझी वाहिली, त्यातून अक्षर शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९२० नंतरच्या दशकात मुलींसाठी नागपुरात शाळा काढली. तिला नाव दिले संत चोखामेळ्यांचे. आपल्या संप्रदायातील संताचे नाव त्या माउलीने पाटीवर लिहिले, हे आम्ही कीर्तनातून किती वेळा सांगितले? एकदाही नाही.

याच नागपुरात २० जुलै १९४२ रोजी दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. गिरण्यांत, विडी कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांना रजा मिळावी, म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळावे, अशी मागणी तेथे झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वेळी सांगितले, की पत्नीने पतीची मैत्रीण व्हावे, बरोबरीची व्हावे, दासी होऊ नये. म्हणजे ‘घर स्त्रीचे, बाहेर पुरुषाचे’ ही वाटणी ज्यांना परवडत होती, अशा थोड्या घरांपुरतीच होती. बहुतेक घरांत स्त्री बाहेरही होती आणि घरातही होती. नवे झाले असेल तर इतकेच, की पांढरपेशा घरातली सून आता टपाल कचेरीत, शाळेत, इस्पितळात, मिहानमधल्या कंपनीत जाऊ लागली, आणि आम्हां पंडितांना अचानक लेकरांची काळजी वाटू लागली. वेचणीवालीच्या झोळीतल्या लेकराची चिंता आम्ही पूर्वी कधी केली होती?

आता शब्दांकडे पाहू. आमचा पिंड त्यातच वाढला. ‘दंपती’ हा शब्द पाहा. ‘दम’ म्हणजे वेदकाळी घर. द्विवचनी दंपती म्हणजे घराचे दोन स्वामी, पती आणि पत्नी. स्वामित्व जर दोघांचे, तर सेवा एकीची कशी? दुसरा शब्द ‘पितरौ’. आई आणि बाप असा समास करताना व्याकरण एकच शब्द शेष ठेवते, पित्याचा. आईचा शब्द लोपतो, मात्र अर्थ दोघांचाही राहतो. गुरुजींनी हे शिकविले तेव्हा आम्ही आनंदाने मान डोलावली होती. पुढे संसारात पाहिले, तो निराळाच एकशेष! दारावरच्या पाटीवर बाप शिल्लक आणि चुलीपाशी आई शिल्लक. व्याकरणाने निदान अर्थ तरी दोघांचा राखला होता.

आमची पुतणी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकविते. तिने सांगितले, की टॅल्कॉट पार्सन्स नावाच्या अमेरिकन पंडितांनी १९५५ साली असाच सिद्धान्त मांडला : मिळवणे हे पतीचे काम, माया लावणे हे पत्नीचे, आणि त्यामुळे कुटुंब स्थिर राहते. म्हणजे आमचा पूर्वपक्षी साता समुद्रापलीकडेही होता. पुढे १९८९ साली तिकडच्याच आर्ली होक्शील्ड या विदुषींनी दोघेही नोकरी करणाऱ्या घरांत जाऊन पाहिले, आणि बाई कामावरून घरी येते तेव्हा तिची ‘दुसरी पाळी’ सुरू होते, असे लिहिले. नागपूरच्या गिरणी कामगाराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच, की गिरणीतली दुसरी पाळी वेगळ्या माणसांची असे. घरातली दुसरी पाळी त्याच बाईची. आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालीच ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारले होते, की जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय? तो ग्रंथ आमच्या विदर्भातला. पण आमच्या पोथ्यांच्या फळीवर त्याला जागा नव्हती.

कोणी म्हणेल, हा पंडितांचा कल्पनाविलास. तर हिशेब पाहा. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातले विनामोल काम दिवसभरात ज्यांनी केले असे पुरुष शंभरात सव्वीस, आणि स्त्रिया एक्क्याऐंशी. काम करणाऱ्यांचाही वेळ पाहिला, तर स्त्रीची सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषाची ९७. कायदाही हळूहळूच चालतो. १९६१ च्या प्रसूती कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली, पन्नास किंवा अधिक नोकर असतील तेथे पाळणाघर सांगितले. चांगले झाले. पन्नास मोजताना पुरुषही मोजले. परंतु दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मूल पाहण्याची मुभा दिली ती आईलाच, आणि बापासाठी त्या दुरुस्तीत रजेचा एक दिवसही आला नाही. कायदा करणाऱ्यांनीही तेरचेच आख्यान ऐकले असावे.

आता कबुलीकडे येतो.

आमच्या सौभाग्यवती प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. कीर्तनाच्या बिदागीवर संसार चालत नसतो; पगार त्यांचा होता, नाव आमचे होते. पहाटे चारला उठून, दोन मुलांचे करून, आमची पूजेची तयारी ठेवून त्या शाळेत जात. १९९१ साल होते. परीक्षेचे दिवस म्हणून त्यांना रजा नव्हती. धाकटा मुलगा तापाने फणफणला होता. जाताना त्या म्हणाल्या, “त्याच्याकडे लक्ष ठेवा, घडी बदलत राहा.” आम्ही हो म्हटले आणि ओसरीवर रात्रीच्या कीर्तनाची प्रमाणे घोकत बसलो. शेजारच्या काकू काही मागायला आल्या म्हणून आत गेल्या, तो मुलाला आकडी आलेली. त्यांनीच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. देवाच्या कृपेने मुलगा वाचला.

संध्याकाळी घर माणसांनी भरले. जो तो सौभाग्यवतींना विचारी, “तू कुठे होतीस?” आम्ही घरात होतो, मुलापासून दहा हातांवर होतो, आम्हांला कोणी विचारले नाही. आणि आम्ही? आम्हीही सर्वांदेखत म्हणालो, “नोकरीपायी पोराकडे लक्ष नाही.” त्या काही बोलल्या नाहीत. मुलाच्या कपाळावर ओली घडी ठेवीत बसून राहिल्या.

पुढे कितीतरी वर्षे आम्ही गोरोबाकाकांचे आख्यान सांगितले. त्या परिचारिकेने विचारीपर्यंत ओसरीवरचा तो दिवस आम्हांला एकदाही आठवला नाही. काकांची तर समाधी लागली होती, त्यांचे देहभान हरपले होते. आमचे काय हरपले होते? आम्ही शुद्धीवर होतो. काम आमचे नाही, एवढेच आम्ही धरून चाललो होतो.

यावर शंका निघेल. लेकराला आई लागतेच, निसर्गानेच तसे केले आहे. समाधान असे, की निसर्गाने स्त्रीच्या पदरी दोन गोष्टी घातल्या, गर्भ आणि दूध. त्या पुरुषाला करता येत नाहीत. परंतु न्हाऊ घालणे, वेणी घालणे, डबा भरणे, अभ्यास घेणे, तापात रात्र जागणे, यांतले निसर्गाने कोणाच्याही नावे लिहिलेले नाही. ते आपण लिहिले. दुसरी शंका : घरी आजी आहे, कामाला बाई आहे, मग बापाला कशाला गुंतवावे? पण सुनेचे ओझे काढून सासूच्या डोक्यावर दिले, किंवा मोलकरणीच्या दिले, तर ओझे बायकांतच फिरले. आणि आमचे लेकरू सांभाळायला येणाऱ्या बाईचे लेकरू त्या वेळी कोणाजवळ असते? तोच प्रश्न एक घर पुढे सरकतो.

वास्तविक, हे समजणे वारकऱ्याला तरी कठीण पडू नये. पुरुषाला माउली म्हणणारा संप्रदाय आपला आहे. ज्ञानोबारायांना माउली, पांडुरंगाला माउली, वारीत वाटेवर भेटेल त्याला माउली. म्हणजे आईपण ही देहाची नव्हे, वृत्तीची गोष्ट आहे, असे आपण रोज उठून उच्चारतो. जनाबाईंबरोबर देव दळायला बसला, शेण्या वेचायला गेला, याचे आपण कौतुक करतो. दिंडीत मोठमोठे फडकरी पाणी भरतात, उष्टी काढतात, आणि त्याला सेवा म्हणतात. तोच वारकरी घरी आल्यावर स्वतःचे ताट उचलीत नाही. वारीत जी सेवा, ती घरी आल्यावर कमीपणा कशी होते? आणि तुकोबारायांच्या आवलीच्या जिभेवर आम्ही कीर्तनकारांनी किती हशे मिळविले! ती भाकर बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढत होती आणि खाली पोरे भुकेली होती, हे सांगून झाले की लगेच तिची नक्कल. तो हशा आम्हांला आता घेववत नाही.

प्रत्येक स्त्रीने नोकरी करावी, असे आमचे म्हणणे नाही. घरात राबते तीही कमावतीच आहे. बापाने काम केले म्हणून आईचे महत्त्व उणे होते असेही नाही. मूल ज्याने त्याने दुसऱ्यावर ढकलावे, असे तर मुळीच नाही. आमचे म्हणणे एवढेच, की लेकराचा जाब दोघांना आहे. आईच्या त्यागाची स्तुती करणे म्हणजे तिच्या कामात वाटा उचलणे नव्हे. बहुधा ज्याला वाटा उचलायचा नसतो, तोच स्तुती मोठ्याने करतो. आम्ही तेच केले.

आख्यानाचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. काकांचे हात गेले, घर उघडे पडले, तेव्हा देव एकटा आला नाही. विठ्ठल आणि आपल्या विदर्भाची लेक रुक्मिणी, दोघे मिळून कुंभाराच्या घरी राबायला आले. दोघांनी माती तुडविली, दोघांनी मडकी घडविली. पुढे पंढरीच्या वाळवंटी हात परत आले, मूलही परत आले. परमार्थात असे घडते. प्रपंचात गेलेले लेकरू कोणाला परत मिळत नाही.

म्हणून आमच्या कीर्तनकार बंधूंना विनंती, की हे आख्यान सांगाल तेव्हा संतीबाईंच्या आकांतापूर्वी क्षणभर थांबा, आणि लेकरू कोणाजवळ होते ते श्रोत्यांना विचारा. आम्ही आता विचारतो. मंडपात पुरुषांच्या बाजूला शांतता पसरते. गृहस्थाश्रमी बंधूंना विनंती, की आजच्या आज घरी जाऊन एक काम आपल्या नावे लिहून घ्या. त्याला मदत म्हणू नका. मदत दुसऱ्याच्या कामात करतात.

आमची सून रात्रपाळीला जाते तेव्हा नातवाला दूध देणे आमच्याकडे आहे. वाटी धरताना हात कापतो, थोडे सांडते. सौभाग्यवती पाहतात, पण उठत नाहीत. त्या दिवसाबद्दल आम्ही त्यांची क्षमा मागितली, ती तेहतीस वर्षांनी. येथे सर्वांसमोर पुन्हा मागतो.

रामकृष्णहरि.