पन्नासाव्या दिवशी

विंडोज ९५ बाजारात आलं ते १९९५ च्या ऑगस्टमध्ये. सलग ४९.७ दिवस चालू ठेवलेला संगणक त्यात गोठू शकतो, हे मान्य करून मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली ती १९९९ मध्ये. मधली वर्षं हा दोष फारसा कुणाला जाचला नाही, कारण तेव्हा विंडोज इतके दिवस बंद न पडता चालवून दाखवणं हीच मर्दुमकी होती!

सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद उलटले, हे प्रणाली ३२ बिटांच्या काउंटरमध्ये मोजत असते. ४,२९,४९,६७,२९६ ठोके झाले की तो पुन्हा शून्यावर येतो.

शून्यावर येणं हा मात्र दोष नव्हे. घड्याळात अकरानंतर दोन तासांनी एक वाजतो, म्हणून काळ मागे गेला असं कुणी म्हणत नाही. चूक होते ती तुलनेत. पाच सेकंद थांबायचं आहे. एक प्रोग्रामर आताच्या आकड्यात पाच हजार मिळवतो आणि काउंटर त्यापुढे गेला का, ते पाहत राहतो. ती बेरीजच शून्य ओलांडून गेली, तर वाट न पाहताच वेळ झाली असं ठरतं. उलट ती शून्याच्या अगदी अलीकडे राहिली आणि तपासायचा क्षण हुकला, तर पुढचे ४९ दिवस वाट पाहणं आलं. दुसरा प्रोग्रामर आताच्या आकड्यातून सुरुवातीचा वजा करतो. ३२ बिटांतली बिनचिन्ह वजाबाकी शून्य ओलांडूनही बरोबरच येते.

म्हणजे हा दोष नेमका न थांबणाऱ्या यंत्रालाच गाठतो. चाचणी आठवडाभराची असेल तर तो दिसणारच नाही. १४ सप्टेंबर २००४ रोजी लॉस एंजेलिसच्या हवाई नियंत्रण केंद्राचा शेकडो विमानांशी रेडिओसंपर्क तुटला. असाच काउंटर असलेली ती यंत्रणा दर तीस दिवसांनी बंद करून पुन्हा सुरू करायची, असा नियम होता. त्या खेपेला ते राहून गेलं. दोष माणसाच्या आठवणीवर सोपवणं, याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

लिनक्सवाल्यांनी खरी मेख ओळखली. त्यांचा काउंटर शून्यापासून सुरूच होत नाही. संगणक चालू केल्यावर पाचच मिनिटांत तो उलटेल, अशा आकड्यापासून होतो. चुकीचा कोड असेल तर तो लिहिणाऱ्याच्या टेबलावरच उघडा पडतो.

६४ बिटांचा काउंटर आता सहज मिळतो, पण छोट्या उपकरणांत ३२ बिटच चालतात. अर्दुइनो बोर्डाचं मिलिसेकंद मोजणारं ‘मिलिस’ आजही पन्नासाव्या दिवशी शून्यावर येतं. त्यावर शेतातला पंप चालवणार असाल, तर बेरीज सोडा, वजाबाकी लिहा.