औषध घरात हवं

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल मराठी घरात वाढवायचं, तर सगळा स्वयंपाक नव्याने मांडावा लागतो. भाजीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, उपासाला खिचडी, संक्रांतीला तिळगुळात दाणे. बदलापूर गावातल्या एखाद्या आईला हे २०२० च्या आधीही चुकलेलं नव्हतं. पण तिची एक घडी बसलेली असे. सोयाबीन किंवा डाळीच्या दळणामागोमाग आमचं दळण टाकू नका, असं गिरणवाल्याला सांगून ठेवलेलं. वाणी ठरलेला, बिस्किटाचा पुडा ठरलेला. या पोराच्या हातात लाडू ठेवायचा नाही, हे शेजारणीला ठाऊक. आणि डॉक्टर ठाण्याला नाहीतर परळच्या वाडिया रुग्णालयात, लोकलने जाऊन गाठायचे.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीने ही घडी काही दिवसांत विस्कटली. वाण्याकडे मिळेल तो पुडा घ्यायचा, नेहमीच्याच कंपनीचा हवा असा हट्ट चालेना. शिवाय तेव्हा घरोघरी पुडे साबणाने धुतले जात, आतला माल बरणीत ओतला जाई आणि वेष्टन तिथल्या तिथे कचऱ्यात जाई. घटकांची यादी असते नेमकी त्या वेष्टनावर. विषाणूपासून जपताना दुसऱ्या धोक्याची सूचनाच घराबाहेर फेकली जात होती आणि याकडे लक्ष वेधणारं कुणी नव्हतं. त्याच वर्षी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने लेबलांचे नवे नियम काढले. ग्लुटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, शेंगदाणे, कठीण कवचाची फळं, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाहून जास्त सल्फाइट यांचा वेगळा उल्लेख त्यांत आहे. या यादीत तीळ नाहीत. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तीळ आपल्या यादीत घेतले. तिळगुळाच्या महाराष्ट्रात त्यांचा वेगळा उल्लेख या नियमांनी सक्तीचा केला नाही. आणि गिरणीतलं पीठ, सुटं फरसाण, कागदात बांधून दिलेली चिक्की यांच्यावर यादी कुठून असणार?

काहीजण म्हणतात, टाळेबंदी या मुलांच्या पथ्यावरच पडली. शाळा नाही, वाढदिवस नाहीत, लग्नाच्या पंगती नाहीत. यात तथ्य आहे. पण नको तो घास पोटात जाणं हा धोक्याचा एक भाग. तो गेल्यावर मूल वाचवता येणं हा दुसरा. पहिला थोडा कमी झाला असेल, दुसऱ्याची वाट मात्र जवळजवळ बंद झाली.

तीव्र प्रतिक्रिया, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस, बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, आवाज बसतो, श्वास घरघरतो. आपल्याकडे गांधी उठल्या की आमसुलाचं पाणी लावतात, फार तर सेटिरिझिनचं सिरप देतात. नुसत्या गांधींसाठी सिरप ठीक आहे; श्वास अडकला असताना ते मुलाला वाचवू शकत नाही. तिथे अ‍ॅड्रेनलिनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि लगेच. बदलापूरहून परळ ६० किलोमीटरच्या आसपास. १५ जून २०२० ला लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. अंबरनाथचं छाया रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय त्या मानाने जवळ. पण खोकणारं, धापा टाकणारं मूल घेऊन त्या दिवसांत कुठल्याही दारात गेलं, तरी पहिली शंका करोनाचीच. आणि तिथे जाऊन घरी संसर्ग आणू, या भीतीने आई-बाप उंबऱ्यातच अडखळत. त्या अडखळण्याचा दोष मी त्यांना देणार नाही.

अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२० मध्येच वेगळा सल्ला दिला होता: पहिल्या इंजेक्शनने मूल पूर्ण सावरलं, दुसरा डोस हाताशी असला आणि सोबत जाणतं माणूस असलं, तर लगेच रुग्णालयात न धावता घरीच लक्ष ठेवावं. सल्ला शहाणपणाचा होता, पण त्यात इंजेक्शन घरात असणं गृहीत होतं. मांडीला दाबलं की आपोआप डोस देणारी पेनं तेव्हा आपल्या औषधाच्या दुकानांत सहज मिळत नव्हती. अ‍ॅड्रेनलिनचं अ‍ॅम्प्यूल, म्हणजे काचेची छोटी कुपी, मात्र मिळतं, अगदी स्वस्तात, आणि ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आहे. अडतं ते डॉक्टरांनी लिहून देण्यावर आणि शिकवण्यावर. सामान्य माणसाच्या हाती सुई कशी द्यायची, हा आक्षेप मला पटत नाही. मधुमेही मुलांच्या आया वर्षानुवर्षं इन्शुलिन टोचतात. करोनात तर घराघरांत ऑक्सिमीटर आला आणि ९४ च्या खाली आकडा गेला की काय करायचं, हे आजी-आजोबाही शिकले. लोकांना शिकवलं, तर ते शिकतात.

औषध कोणत्या मुलाला द्यायचं, हे मात्र नीट ठरवायला हवं. रक्ताच्या तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच, असं नसतं. बंगळुरू-म्हैसूरकडच्या प्रौढांच्या एका अभ्यासात अशा तपासणीत सुमारे चौथा हिस्सा पॉझिटिव्ह निघाला; खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता जेमतेम एक टक्का लोकांत होती. नुसत्या कागदावरून दूध, अंडी, डाळी बंद केल्या, तर वाढत्या मुलाचं नुकसानच होतं. म्हणून आधी मुलाने काय खाल्लं, किती वेळात काय झालं, हे खोदून विचारणारा डॉक्टर हवा.

असा डॉक्टर दूर होता, तरी पोहोचण्यापलीकडे नव्हता. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला, टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी आली. ज्याचं निदान आधीच झालं आहे, त्या मुलाच्या आईला व्हिडिओवर अ‍ॅम्प्यूल फोडून सिरिंज भरायला शिकवणं अशक्य नव्हतं. मात्रा दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या एक मिलिलिटर अ‍ॅम्प्यूलमधून १२ किलोच्या मुलाला ०.१२ मिलिलिटर. दोन वर्षांनी शाळा उघडल्या तेव्हा तेच मूल १६ किलोंचं झालेलं असतं आणि त्याला ०.१६ लागतं. २०२० च्या चिठ्ठीवरचा आकडा तोवर जुना झालेला असतो, अ‍ॅम्प्यूलची मुदतही बहुधा उलटलेली असते. बालवाडीच्या दारात मुलाला सोडताना ही चिठ्ठी बदलून घ्यायला हवी आणि तिची एक प्रत बाईंकडे, भरायला शिकवून, सिरिंजसह द्यायला हवी.