कोडंबाक्कम स्टेशनची पाटी

चेन्नई बीचहून तांबरमकडे जाणाऱ्या लोकलमध्ये नुंगंबाक्कम, कोडंबाक्कम आणि मांबलम ही स्टेशनं ओळीनं लागतात. पाट्या तमिळ, हिंदी आणि इंग्रजीत. तमिळ लिपी नुकतीच शिकलेला मराठी माणूस मधल्या स्टेशनचं नाव अक्षर अक्षर लावून वाचतो, तेव्हा हाती येतं ‘कोटम्पाक्कम’. देवनागरीत मात्र ड आणि ब. मग बरेच जण निकाल देऊन मोकळे होतात: क, ख, ग, घ या चौघांना मिळून तमिळमध्ये एकच अक्षर, म्हणजे लिपीच अपुरी.

हे मला मुळीच पटत नाही. त्या पाटीत उणीव नाही, नियम आहे. शब्दाच्या आरंभीचा क कठोर राहतो. दोन स्वरांच्या मध्ये एकटा सापडलेला ट मृदू होतो, त्याचा ड ऐकू येतो. म् च्या पाठोपाठ आलेला प ब होतो. आणि क्क असं द्वित्त असलं, की तो पुन्हा कठोरच. एवढे सगळे नियम त्या एका नावात बसले आहेत! मुलगा म्हणजे ‘मगन’ आणि लोक म्हणजे ‘मक्कळ’. दोन्हीकडे अक्षर तेच. एकटं आलं तर ग, जोडीनं आलं तर क. कुठं कठोर, कुठं मृदू हे जागाच सांगत असेल, तर वेगळं अक्षर कशाला हवं? बाहेरून आलेल्या शब्दांची गोष्ट निराळी. ‘गांधी’ हे नावही क आणि त याच अक्षरांनी लिहितात. तिथं वाचणाऱ्याला नाव आधीच ठाऊक असावं लागतं.

शेजार पाहून व्यंजन बदलणं ही काही दक्षिणेची खासियत नव्हे. हंगेरियनमध्ये ‘नेप’ म्हणजे लोक आणि ‘दॉल’ म्हणजे गाणं. दोन्ही जोडून लोकगीताचा शब्द होतो. लिहिताना त्यात प असतो, पण कानावर पडतं ‘नेब्दॉल’. पुढं द येणार म्हणून प आधीच मृदू झालेला असतो. शाळेत आपण तृतीय व्यंजन संधी पाठ केला, वाक् आणि देवी मिळून वाग्देवी, दिक् आणि गज मिळून दिग्गज, ती हीच वाट. संस्कृतच्या कुळाबाहेरची भाषा, पार युरोपच्या मध्यावर, आणि जिभेची चाल तीच! मला याचं फार अप्रूप वाटतं. इंग्रजीचं अनेकवचन मात्र उलट्या दिशेनं चालतं. ‘कॅट्स’मध्ये स, ‘डॉग्ज’मध्ये झ, लिहिताना दोन्हीकडे एकच एस. तिथं मागचं व्यंजन ठाम राहतं आणि प्रत्यय त्याच्याशी जुळवून घेतो. आपणही घाईत ‘एकदा’ म्हणताना ‘एग्दा’ म्हणतो, पण लिहिताना क सोडत नाही.

भाषा अशा बारकाईनं शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची परंपरा चेन्नईला जुनी आहे. तमिळ, तेलुगू आणि कन्नड यांचं मूळ संस्कृतमध्ये नाही, त्यांचं कूळ स्वतंत्र आहे, हे फ्रान्सिस व्हाईट एलिस यांनी १८१६ साली इथूनच मांडलं. कॉल्डवेल यांचं प्रसिद्ध तौलनिक व्याकरण त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८५६ मध्ये आलं.

तरीही ऑफिसातला तमिळ सहकारी ‘भाऊ’ऐवजी ‘बाऊ’ म्हणाला, ‘खाडिलकरां’ना ‘काडिलकर’ म्हणाला, की आपल्याकडे हसू फुटतं. त्याच्या बोलीत महाप्राण वर्ण नाहीत, एवढंच त्याचं कारण. आणि आपण तरी काय करतो? त्याच्या भाषेच्या नावातलं शेवटचं व्यंजन आपला ळ नव्हे. ते जीभ मागं वळवून, पण टाळूला न टेकवता उच्चारतात. आपण बिनदिक्कत ‘तमिळ’ म्हणतो आणि तो समजून घेतो. चेन्नईत घर केलेल्या मराठी मंडळींनी तेवढा एक उच्चार तरी शेजाऱ्याकडून शिकून घ्यावा, आणि मुलांनाही शिकू द्यावा.