रक्ताची साक्ष आणि निकालाची प्रत

काही वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यातील एक शेतकरी हद्दीच्या दाव्यासंबंधी आमच्याकडे आला होता. नकाशे पाहून झाले, बांधाच्या खुणांची चर्चा झाली, आणि उठता उठता त्याने एक निराळाच प्रश्न विचारला. मागे काजूच्या हंगामात त्याच्या भावाला माकडताप झाला होता. त्या वेळी त्याचे रक्त तपासणीस नेले. बरा झाल्यावर पुन्हा नेले. पुढे काही मंडळी वही घेऊन आली आणि गुरे किती, चरावयास कोठे जातात, पातेरा कोणत्या रानातून आणता, असे पुष्कळ विचारून गेली. त्यानंतर कोणी फिरकले नाही. ‘‘वकीलबाब,’’ तो म्हणाला, ‘‘आमचें रगत व्हेलें, पूण जाप कोणेंच हाडली ना.’’

त्या वाक्यात तक्रार फारशी नव्हती. पण आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने ते वाक्य फार बोचरे होते. न्यायालयात साक्षीदारास बोलवायचे तर त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च व भत्ता आधी भरावा लागतो, आणि पक्षकाराला निकालाची प्रत मागण्याचा हक्क असतो. ज्याने आपले रक्तच साक्षीस पाठविले त्याला मात्र निकाल काय लागला हे कळू नये, हा कोठला न्याय? तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला आहे. एखाद्या प्रदेशाचे आरोग्य सुधारावे म्हणून जो आपले आयुष्य संशोधनास वाहतो, तो नेमका कोणाचा ऋणी? ज्ञानाचा, वेतन देणाऱ्या संस्थेचा, की ज्याच्या दुखण्यातून ते ज्ञान निघाले त्या माणसाचा?

प्रथम या तापाचीच हकीकत पाहू. 1957 साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात, माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसे तापाने अंथरुणास खिळली. पुण्यात 1952 साली स्थापन झालेल्या विषाणु-संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तेथे गेले आणि त्यांनी एक नवा विषाणू शोधून काढला. तो माणसाकडून माणसाला जात नाही. गोचिडीच्या चाव्यातून येतो. एवढे वैद्याने सांगितले. पण गोचीड कोठे वाढते, हे वैद्य सांगू शकत नव्हता. त्यासाठी कीटकशास्त्रज्ञ पांढरे कापड रानातल्या पाचोळ्यावरून ओढीत हिंडले आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजीत बसले. हा विषाणू रशियातील काही विषाणूंच्या गोत्राचा निघाला, तेव्हा स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर तो आला की काय, अशी शंका निघाली. आणि सलीम अली यांच्यासारख्या पक्षिवेत्त्याने 1959च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. पक्ष्यांवरचा आरोप काही शाबीत झाला नाही. परंतु त्या तपासातून पक्ष्यांच्या प्रवासाची मोलाची माहिती हाती आली. शेवटी लक्षात आले ते असे, की रान तोडून वस्ती आणि गुरे आत शिरली, गुरांना स्वतःला काही होत नसले तरी त्यांच्या रक्तावर गोचिडी पोसल्या, आणि माणसाने आपल्या पावलांनीच रोग दाराशी आणला.

यातला बोध असा, की हे कोडे कोणा एका शास्त्राला सुटण्यासारखे नव्हतेच. आमचे अर्धे आयुष्य हद्दीच्या खटल्यांत गेले. ही माझी शीव, ती तुझी, यावरून भाऊ भावाचे तोंड पाहत नाहीसे झालेले आम्ही पाहिले आहेत. विद्यापीठांतील शास्त्रांच्या शिवा काही कमी कडक नाहीत. वैद्यकाचा पदवीधर कीटकशास्त्रात शिरला तर तो ना इकडचा ना तिकडचा ठरतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने गोठ्यातील चालीरीतींचा अभ्यास केला तर त्याला कोणत्या विभागात जागा द्यावी हेच कोणाला ठरविता येत नाही. रोग मात्र सातबाराचे उतारे पाहत नाही. 2015 साली हा ताप सत्तरीत दिसला, 2016 साली सिंधुदुर्गात. दोडामार्ग, सत्तरी आणि खानापूर हे तीन तालुके तीन राज्यांत मोडतात. पण रान एकच आहे आणि गोचीडही एकच. राज्यांच्या हद्दीवरून आपण वर्षानुवर्षे भांडत आहोत. त्या हद्दीपलीकडच्या मेलेल्या माकडाची वार्ता वेळेवर अलीकडे यावी, एवढी व्यवस्था राखणे त्याहून निकडीचे आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. सत्याला जिल्हा नसतो. शास्त्रज्ञाने जगासाठी शोध करावा, एका तालुक्यासाठी का? आमचे उत्तर असे, की सत्याचा निष्कर्ष सार्वत्रिक असतो, परंतु त्याचा जन्म कोठल्या तरी एका गावीच होतो. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तांबड्या विंचवाच्या दंशाने मरणारी माणसे पाहिली. रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसून, नाडी आणि रक्तदाब टिपून, त्या विषाने हृदयावर काय आघात होतो हे त्यांनी ओळखले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यावर योजले. जेथे दंशाने अत्यवस्थ झालेल्यांपैकी कित्येक दगावत, तेथे मृत्यू विरळा झाला. त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’सारख्या विलायती नियतकालिकात छापली गेली आणि इतर देशांतील वैद्यांनाही उपयोगी पडली. कोकणातल्या एका कोपऱ्याशी ते इमान राखून राहिले, म्हणून जगाला ते ज्ञान मिळाले.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. तरुण संशोधकालाही संसार असतो. रानात गोचिडी वेचण्याला मोठ्या शहरातील नोकरीचा मान नाही, तेवढे वेतन नाही, पुष्कळदा उद्याची शाश्वतीही नाही. क्यासनूरच्या तापाने तर रानात आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कित्येकांनाच गाठले होते. मग हे कर्तव्य आम्ही कोणाच्या गळ्यात कोणत्या तोंडाने बांधावे?

याचा विचार करता आम्हांला वाटू लागले आहे, की दोष आपल्या एका आवडत्या शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘त्याग’. कोणी खेड्यात राहून संशोधन केले की आपण त्याचा सत्कार करतो, शाल देतो, श्रीफळ देतो आणि त्याच्या त्यागाचे पोवाडे गातो. त्याग थोर आहे, यात शंका नाही. परंतु ज्याला आपण त्याग म्हणतो तो बहुधा आपण न फेडलेल्या देण्याचा आकडा असतो. वेतन द्यावयाचे ते स्तुतीत दिले की हिशेब मिटला, असे समाजाला वाटते. आणि त्यागावर चालणारे काम त्या एका माणसाबरोबर थांबते. कापड ओढणाऱ्याला कायमची जागा, हक्काचे वेतन आणि आजारपणात आधार दिला तरच ते पुढच्या पिढीला मिळते. म्हणून त्यागाची मागणी करण्याचा अधिकार आम्हांला नाही; न्याय्य व्यवस्थेची मागणी करण्याचा मात्र आहे.

तथापि ही व्यवस्था झाली तरी संशोधकाचे एक ऋण उरतेच, आणि ते वेतनाने फिटत नाही. ज्याचे रक्त घेतले त्याच्या दारी परत जाऊन, त्याच्या भाषेत, काय निष्पन्न झाले ते सांगणे. याला कोणी उपकार समजू नये. आणि हा केवळ शिष्टाचार नव्हे, हे आम्हांला त्याच शेतकऱ्याने शिकविले.

पुढल्या तारखेला तो आला तेव्हा आम्ही जमेल तेवढे वाचून ठेवले होते. ताप उन्हाळ्याच्या तोंडी का वाढतो, मेलेल्या माकडाजवळ का जाऊ नये, रानातला पातेरा घराजवळ का रचू नये, गुरे गोचिडी कशी घेऊन येतात, हे आम्ही त्याला सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, ‘‘पातेरा आणला नाही, गुरे रानात सोडली नाहीत, तर गोठ्यात अंथरू काय आणि बागायतीला खत कोठून आणू?’’

आम्ही निरुत्तर झालो. याचे उत्तर वैद्याकडे नाही आणि कीटकशास्त्रज्ञाकडेही नाही. ते शेतीच्या जाणकाराकडे, अर्थशास्त्राकडे, कदाचित वनखात्याच्या कायद्यात असेल, म्हणजे थोडेसे आमच्याही पदरात. इतकी वर्षे आम्ही समजत होतो की निकाल सांगणे हा प्रकरणाचा शेवट. त्या दिवशी कळले, की निकाल ज्याचा त्याला ऐकविल्यावाचून पुढचा प्रश्न कोणता, हेच कळत नाही.