खाडीच्या तोंडावरचे किल्ले

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे त्यांतले समुद्रातले नि समुद्रकाठचे. तेव्हापासून भाषणांत आणि लेखांत एकच कल्पना घोळते आहे: हे किल्ले म्हणजे परकीयांना थोपवणारी दर्यावरची भिंत. त्यामागचा अभिमान रास्त आहे, पण कल्पना उथळ आहे. भिंत म्हटली की किल्ला नेमका तिथेच का बांधला, हे विचारायचंच राहून जातं.

कोकणचा किनारा पायी चालायला घेतला तर तो सलग कधीच लागत नाही. एखादी पुळण, एखादा सडा ओलांडला की खाडी आडवी येते आणि तरीची वाट पाहत थांबावं लागतं. असं अडून बसलं असताना मान वर केली की बहुधा बुरूज दिसतो. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीवर जयगड, मुचकुंदीवर पूर्णगड, वाघोटनवर विजयदुर्ग. भिंतच घालायची होती, तर गुहागरची एवढी लांब पुळण उघडी का राहिली? गलबतं आत शिरत ती खाडीतून. दाभोळचा माल चिपळूणकडे चढे तो वाशिष्ठीतूनच. जकात, गोडं पाणी, पावसाळ्यातला आसरा, सगळं त्या तोंडाच्या आत होतं. जयगडसारखे काही किल्ले तर आदिलशाहीपासूनचे. मालक बदलत गेले, पण प्रत्येकाला तीच खाडी हवी होती.

यावर उत्तर येतं, खांदेरीला कुठे खाडी आहे? नाही. पण मुंबई बंदराची ये-जा तिच्या नजरेच्या टप्प्यात आहे. म्हणून तर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे काम सुरू करताच इंग्रज आणि सिद्दी दोघेही अस्वस्थ झाले, आणि पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तट चढवला. समोरासमोर दोन शत्रूंचे दोन तट, यात सलग भिंत कुठली? सिंधुदुर्गही मालवण बंदरासमोरच्या कुरटे बेटावर आहे. तोफांचा रोख समुद्राकडे असे, हे मान्य. मग जयगडला जमिनीच्या अंगाने एवढा खोल खंदक कशाला?

विजयदुर्गापाशी तर भिंतीची कल्पना पुरतीच कोसळते. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले ते पेशव्यांशी हातमिळवणी करून. किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांचं आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला उभं होतं. ते पेटलं आणि लगोलग किल्ला पडला. तट आजही उभा आहे. तो ज्यासाठी होता ते मात्र त्या आगीत गेलं. त्याच खाडीत आत आंग्र्यांची गोदी आहे, कातळ फोडून काढलेली, भरतीचं पाणी आत घेणारी, आता गाळ साचलेली. विजयदुर्ग बघायला येणारे बहुतेक जण तिकडे फिरकत नाहीत.

किल्ले पर्यटनासाठी सजवा म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. नुसत्या स्थापत्याचे भक्त चुन्याच्या पलीकडे पाहत नाहीत. माझा वाद भिंतवाल्यांशी आहे, कारण त्यांचं प्रेम खरं आहे आणि जतनाची दिशा तेच ठरवणार आहेत. सीमा राखणारा किल्ला वेगळा आणि वाट राखणारा वेगळा, एवढं त्यांनी मानावं. सीमेवरचा किल्ला एकटा पाहिला तरी कळू शकतो. वाटेवरचा किल्ला खाडी, धक्का, गोदी, खालची कोळीवाडी यांच्याशिवाय कळत नाही. रेवस–रेडी सागरी महामार्गाचे पूल झाले की खाडीवर कोणी थांबणारही नाही. गाडीतून पलीकडचा बुरूज क्षणभर दिसेल, इतकंच. म्हणून प्रत्येक किल्ल्याच्या आराखड्यात त्याची खाडी धरावी, तरीचे जुने धक्के नोंदवावेत, आणि विजयदुर्गाचा तट सांधायला घेण्याआधी अभ्यासकांच्या देखरेखीखाली त्या गोदीतला गाळ काढावा.