अपवादाचे कौतुक, नियमाची सोय

जुलै 2015च्या पहिल्याच आठवड्यात केल्सी बॅलेरिनी ही एकवीस वर्षांची गायिका ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या कंट्री एअरप्ले या रेडिओ-यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. ‘लव्ह मी लाइक यू मीन इट’ हे तिचे पहिलेच सिंगल. ती टेनेसीतल्या नॉक्सव्हिलची. तिची ब्लॅक रिव्हर ही रेकॉर्ड कंपनी कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या बड्या कंपन्यांपुढे लहान आणि स्वतंत्र. त्यामुळे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र बातम्यांत एक वाक्य होते: 2006च्या सुरुवातीला कॅरी अंडरवुडने हा मान मिळवला, त्यानंतर कंट्री रेडिओवर पदार्पणातच अव्वल ठरलेली ही पहिलीच एकल गायिका.

मधली नऊ वर्षे नॅशव्हिलमध्ये चांगल्या गायिका आल्याच नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. म्हणून या विक्रमाकडे तिच्या यशाइतकेच त्या नऊ वर्षांचा पुरावा म्हणूनही पाहायला हवे. पदार्पणाचे यश आपण गुण आणि नशीब यांच्या खात्यावर टाकतो. कंट्री संगीतात ते तितकेच एका यंत्रणेच्या निर्णयावर ठरते, आणि ती यंत्रणा एखाद्या अपवादाचा सत्कार करून आपला नियम शाबूत ठेवते.

गाणे कोणत्या काळात आले तेही लक्षात घेतले पाहिजे. समीक्षक ज्यांना ‘ब्रो-कंट्री’ म्हणत, त्या गाण्यांचा तो ऐन भर होता. पिकअप ट्रक, बिअर, कच्चा रस्ता आणि शेजारच्या सीटवर बसलेली, स्वतः काही न बोलणारी मुलगी. बॅलेरिनीच्या गाण्यात तीच मुलगी बोलू लागते. मनापासून प्रेम करणार असशील तर थांबते, नाही तर निघते, असे ती मुलाला ठणकावते. चाल पॉपची, ठेका सहज गुणगुणता येणारा, पण अटी तिच्या. सहगीतकारांच्या जोडीने ते तिने स्वतः लिहिले होते. काही महिने आधी मॅडी अँड टे या दोघींचे ‘गर्ल इन अ कंट्री साँग’ हे पदार्पणाचे गाणेही त्याच साच्याची थट्टा करत पहिले आले होते. अशा गाण्यांना श्रोते होते, याला आणखी पुरावा नको.

पण श्रोत्यांपर्यंत पोचण्याची वाट लांबची. एअरप्ले यादी फक्त रेडिओवर वाजलेले गाणे किती श्रोत्यांपर्यंत पोचले ते मोजते. गाणे रेडिओवर लागावे म्हणून नवा कलाकार गिटार घेऊन शहरोशहरीच्या केंद्रांवर जातो. तिथल्या बैठकीच्या खोलीत, टेबलाभोवती बसलेल्या प्रोग्रॅम डायरेक्टर आणि चार-दोन कर्मचाऱ्यांपुढे दोन-तीन गाणी म्हणतो, हस्तांदोलन करतो आणि पुढच्या गावाला निघतो. त्या खोलीत होकार मिळाला तर गाणे आधी आडवेळेला, मग हळूहळू गर्दीच्या वेळेला वाजते. बॅलेरिनीचे गाणे 2014च्या अखेरीस बाजारात आले आणि शिखरावर पोचायला पुढच्या वर्षाचा जुलै उजाडला. इतके महिने एकाच गाण्यामागे पैसा आणि माणसे लावण्याची जोखीम कंपन्या कोणासाठी घेतात, हा खरा प्रश्न आहे.

अर्थात रेडिओ ज्यांना वाजवेल त्यांच्यासाठी; आणि रेडिओ कोणाला वाजवतो, याचे उत्तर त्याच वर्षी मे महिन्यात मिळाले होते. कीथ हिल या रेडिओ सल्लागाराने ‘कंट्री एअरचेक’ या व्यावसायिक पत्रात उघड सांगितले की श्रोतृसंख्या वाढवायची तर गायिका कमी वाजवा. पुरुष गायक म्हणजे सॅलडमधला हिरवा पाला आणि बायका म्हणजे वर घातलेले टोमॅटो, ही उपमा त्यांचीच. गदारोळ झाला. मात्र हिल यांनी नवे काहीच सांगितले नव्हते, चालत आलेली रीत बोलून दाखवली होती. दोन गायिका लागोपाठ वाजवू नयेत, हा अलिखित दंडक धंद्यात सर्वांना ठाऊक होता.

यावरचा आक्षेप नेहमीचा आहे: रेडिओ हा व्यवसाय आहे, श्रोत्यांना जे हवे ते आम्ही देतो. आक्षेप प्रामाणिक असेल, पण युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. श्रोत्याची पसंती ओळखीतून घडते आणि ओळख वारंवार ऐकण्यातून. जे वाजवलेच नाही, त्याला पसंती नाही असा निष्कर्ष काढून ते पुन्हा न वाजवणे म्हणजे निकाल आधी लिहून मग खटला चालवणे. त्यात 1996च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीच्या मालकीच्या रेडिओ केंद्रांच्या संख्येवरची देशव्यापी मर्यादा उठवली. थोड्या हातांत शेकडो केंद्रे गेली, आणि एका कार्यालयातला पूर्वग्रह देशभराची आवड म्हणून ऐकू येऊ लागला.

बॅलेरिनीच्या यशाने हे बदलायला हवे होते. तिची पुढची दोन सिंगल्सही पहिल्या क्रमांकावर गेली. तरीही संशोधक जेडा वॉटसन यांच्या अभ्यासानुसार, कंट्री रेडिओच्या वार्षिक याद्यांत 2000 साली सुमारे 33 टक्के गाणी स्त्रियांची होती. 2018 साली हे प्रमाण सुमारे 11 टक्क्यांवर आले. एकीचे दार उघडले म्हणून सगळ्यांचे उघडत नाही. मिकी गायटन या कृष्णवर्णीय गायिकेचेही पहिले सिंगल 2015मध्येच आले. रेडिओने ते फार वर जाऊ दिले नाही आणि तिचा पहिला अल्बम निघायला 2021 साल उजाडले. 2024मध्ये बियॉन्सेचे ‘टेक्सस होल्डेम’ रेडिओसोबत स्ट्रीमिंग आणि विक्रीही मोजणाऱ्या हॉट कंट्री साँग्ज यादीत पहिले आले, केवळ रेडिओच्या यादीत मात्र ते पहिल्या तिसांतही नव्हते. श्रोता आणि रेडिओ यांतले अंतर याहून स्पष्ट काय दिसणार?

जानेवारी 2020मध्ये लॉस एंजेलिसच्या एका केंद्राने गॅबी बॅरेट आणि पाठोपाठ बॅलेरिनी यांची गाणी वाजवली, अशी नोंद एका पत्रकाराने समाजमाध्यमावर केली. त्यावर मिशिगनमधल्या एका केंद्राने, आम्हाला दोन बायका लागोपाठ वाजवताच येत नाहीत, असे उत्तर दिले. पहिल्या क्रमांकाच्या साडेचार वर्षांनंतरही बॅलेरिनी त्या हिशेबात ‘एक बाई’च होती. त्याच महिन्यात सीएमटी या कंट्री संगीत वाहिनीने स्त्री आणि पुरुष कलाकारांच्या व्हिडिओंना समान वेळ देण्याचे जाहीर केले. मनात आणले तर हे करता येते. रेडिओनेही आधी लागोपाठचा हा दंडक मोडावा आणि मग श्रोत्यांची आवड मोजावी. तोवर श्रोत्यांच्या नावाने निवाडा देण्याचा अधिकार त्याला नाही.