महागात 'पडलं'

भाव ऐकून पैसेवाला म्हणतो, 'साडी महाग आहे.' म्हणजे दोष साडीचा. तोच भाव ऐकून माझी माय म्हणते, 'आपल्याला न्हाई परवडत.' म्हणजे दोष आपला. मी जिनिंगात राबतो, सरकीपासून रुई सुटताना रोज बघतो. त्याच रुईचं कापड होऊन दुकानात आलं की मीबी म्हणतो, झेपत न्हाई. हा शब्द माझ्या तोंडात कुणी घातला?

'अव्वाच्या सव्वा' त्यातल्या त्यात बरा. बोट निदान भाव लावणाराकडं जातं.

सगळ्यात वंगाळ 'महागात पडलं'. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. लगेच परभणीसकट मराठवाडाभर आपल्या वस्त्या जळाल्या. चुकलो, जाळल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं. नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'मराठवाडा' शब्द ठेवून. आता आपलेच शिकलेले म्हणतात, 'नाव लई महागात पडलं.'

पडलं? पाऊस पडतो तसं? पाटी रंगवायला रंगाचा एक डबा पुरतो. बाकीची वसुली ज्यांनी केली ते ह्या वाक्यात कुठंयत? मी हुडकले, सापडले न्हाईत. व्याकरणानंच त्यांना जामीन दिलाय.

परवा माय तुरीच्या डाळीचा भाव ऐकून तशीच परत आली.

"काय म्हणालीस त्याला?"

"म्हणलं, लुटतूस व्हय रं?"

"मग?"

"म्हणला, मावशे, मलाच तेवढ्याला पडली."